जुने रिव्हॉल्वर, नवे काडतूस



विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्याने विचारले, "युनियनवाल्याला रिव्हॉल्वरशी काय कर्तव्य?" खरे आहे, मी ते कधी हाती धरलेले नाही. पण अकरा वर्षे लेथवर पोलाद कातले आहे, आणि जुन्या रिव्हॉल्वरात जास्त दाबाचे काडतूस घालावे काय, हा प्रश्न पोलादाचाच आहे.

काडतूस घरात बसले म्हणजे चालले, असे माणूस समजतो. घोटाळा इथेच होतो. माप डोळ्यांना दिसते, दाब दिसत नाही. 'अडतीस स्पेशल' हे अमेरिकन काडतूस १८९८ सालचे. त्याची आजची मर्यादा चौरस इंचाला १७ हजार पौंड. 'प्लस पी' या जोरकस जातीची त्याहून जास्त. दोन्हींची लांबीरुंदी एकच. फरक बुडावर ठोकलेल्या अक्षरांचा.

१९३५ साली 'तीनशे सत्तावन्न मॅग्नम' निघाले. मर्यादा ३५ हजार, म्हणजे दुपटीहून जास्त. पण त्याचे पितळी नळकांडे मुद्दाम सुमारे अष्टमांश इंच लांब केले. अडतीसच्या घरात ते पुरते शिरतच नाही! मला या अष्टमांश इंचाचे फार कौतुक वाटते. त्याने सूचनेच्या पाटीवर भिस्त ठेवली नाही, वस्तूतच अडसर घातला.

आता उलट उदाहरण ऐका. ब्रिटिश फौजेचे १९१५ सालचे वेब्ली रिव्हॉल्वर. दुसऱ्या महायुद्धानंतर ही हत्यारे अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. तिथे त्यांचे काडतूस दुर्मिळ, 'पंचेचाळीस ऑटोमॅटिक' मात्र मुबलक. तेव्हा सिलिंडरचा मागचा काठ कातून पंचेचाळीसची सोय केली. त्याची मर्यादा २१ हजार. मूळ काडतुसाच्या साधारण दीडपट. अडसर होता, तो लेथवर काढून टाकला.

आमच्याकडे एका कारखान्यात प्रेसला दोन हातांची दोन बटणे होती. उत्पादन वाढावे म्हणून एका बटणात पाचर ठोकली. आठ महिने काही झाले नाही. नवव्या महिन्यात एका पोराची दोन बोटे गेली. चौकशीत साहेब पुन्हापुन्हा तेच सांगत, "आठ महिने तर चालले!"

"शंभर बार काढले, काही झाले नाही," हे बोलणे त्याच जातीचे. पोलाद थकते. सहाघरी सिलिंडरवर अडकणीसाठी खाच असते. बहुधा ती नेमकी घरावर येते, आणि भिंत तिथेच सर्वांत पातळ. चीर पडते ती तिथून, आणि आधी दिसत नाही. स्मिथ अँड वेसनने अडतीसच्या सिलिंडरला पाणी देऊन ते कणखर करण्यास १९१९च्या सुमारास आरंभ केला. त्याआधीचे पोलाद मऊ. वेब्ली तर मधून मोडून उघडते. वरची खिट्टी आणि खालची बिजागरी यांवर प्रत्येक बाराचा हिसका बसतो, आणि सांधा ढिला होत जातो.

म्हणून माझे म्हणणे असे : कारखानदाराने त्या नमुन्यासाठी लेखी परवानगी दिली असेल तरच जोरकस काडतूस घालावे. चांगला कारागीर ढिलाई सांगेल, पण पन्नास वर्षांपूर्वी पोलादाला पाणी कसे दिले हे हात लावून त्यालाही सांगता येणार नाही. आणि कातलेल्या वेब्लीत आता मूळ काडतूसही सैल बसते. ते चालवायचेच, तर जाड काठाचे पितळ घेऊन जाणत्याकडून दारू कमी भरून घ्यावी लागते. दुकानातली पंचेचाळीसची पेटी तिथे उपयोगाची नाही.