वृद्ध रुग्ण आणि आमचे वैद्यकीय शिक्षण

(नांदेड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



लातूर पॅटर्नची कीर्ती सर्वदूर आहे. त्या शिकवणीतून दरवर्षी अनेक मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. चार पर्यायांतून एक अचूक उत्तर निवडण्याचे कौशल्य त्यांनी कष्टाने कमावलेले असते. त्यांत शेतकऱ्यांचीही लेकरे आहेत, म्हणून त्याची टिंगल मी करणार नाही. परंतु नांदेडच्या वा लातूरच्या शासकीय रुग्णालयात सत्तरीची म्हातारी समोर येते, तेव्हा तिच्या दुखण्याला एकच उत्तर नसते. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू एकत्रच असतात आणि तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या पिशवीत असतात. न्यूमोनियात तिला ताप येईलच असे नाही. ती नुसती असंबद्ध बोलू लागते. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. वयाबरोबर मूत्रपिंडाची शक्ती उतरते, म्हणून तरुणाला मानवणारी मात्रा तिला बाधू शकते. हे ज्याला शिकवलेच नाही, तो ‘वय झाले’ म्हणून मोकळा होतो. गरिबाच्या बाबतीत हे निदान फार स्वस्त पडते.

कागदावर उणीव नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमातही हा विषय आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत बसायचे, एवढ्यावरून म्हातारा माणूस पडण्याचा धोका ताडता येतो. यंत्र लागत नाही, घड्याळ पुरते. मात्र ते शिकवायला शिक्षकाला उसंत हवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा ओढाताणीत खाटेपाशी बसून कोण शिकवणार? म्हणून रिक्त पदे भरण्याची मागणी ही शिक्षणाचीही मागणी आहे.

आता विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून खेड्यातील कुटुंबे दत्तक घ्यावयाची आहेत. या भेटी ऊसतोडीच्या हंगामात व्हाव्यात, असे माझे मत आहे. कंधार-मुखेडकडील टोळ्या निघाल्या की घरी म्हातारी आणि नातवंडे उरतात. श्रावणबाळ योजनेच्या महिना १५०० रुपयांत औषध, मीठमिरची आणि तालुक्याचे एसटीभाडे कसे बसवायचे, गोळ्या एकाआड एक दिवस का घेतल्या जातात, हे वॉर्डात कळत नाही.

तेव्हा दिवाळीपूर्वी प्रत्येक शाखेने मागे राहणाऱ्या वृद्धांची गावनिहाय यादी करावी आणि ती महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाकडे हाती द्यावी. पहिल्या भेटीला विद्यार्थ्यांबरोबर आपला एक साथी असावा. मुलांना वाड्यावस्त्यांच्या वाटा ठाऊक नसतात.