मधल्या वर्गाचे तिकीट

बीदर जिल्ह्याच्या उत्तर टोकावर औराद हे तालुक्याचे गाव आहे. एका बाजूस उदगीर, दुसऱ्या बाजूस देगलूर, आणि मोठे काम निघाले की वाट हैदराबादची. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. तरी येथील कितीतरी घरांतले बोलणे मराठीतच राहिले. अशा गावांतली मुले आता पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला शिकतात आणि त्यांतली काही अमेरिकेत स्थायिक होतात. मग केव्हा तरी तेथे नातवंड जन्माला येते, आणि सत्तरीच्या घरातल्या आजी-आजोबांना बोलावणे येते. त्यांची विमानाशी ओळख बहुधा एवढीच, की बीदरच्या वायुदलाच्या तळावरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची विमाने त्यांनी जन्मभर मान वर करून पाहिलेली असतात.

“अण्णा, या वेळी मधल्या वर्गाचं तिकीट काढतो,” असे मुलगा दूरध्वनीवर म्हणतो. “कशाला? बसूनच तर जायचं आहे,” हे अण्णांचे उत्तर ठरलेले. दोन तिकिटांच्या भाड्यातील फरक त्यांच्या कानावर पडला की त्या रकमेत शेताला तारेचे कुंपण होईल, विहिरीवर नवी मोटार बसेल, असा हिशेब ते मांडू लागतात. आई काहीच बोलत नाही. वस्तुतः या वादात सर्वांत आधी विचारावयास हवे ते तिलाच. त्याचे कारण पुढे येईल.

विमान कंपन्या ज्याला ‘प्रीमियम इकॉनॉमी’ म्हणतात तो हा मधला वर्ग विमानात नवा असला तरी प्रवासाच्या इतिहासात नवा नाही. आगगाडीला पूर्वी ‘इंटर’ नावाचा डबा असे. तिसऱ्या वर्गाची रेटारेटी सोसवत नाही आणि दुसऱ्याचे भाडे परवडत नाही, अशा कारकून-मास्तरांचा तो डबा. १९५५ साली रेल्वेने जुना पहिला वर्ग मोडीत काढला, दुसऱ्याला पहिला म्हटले आणि इंटरला दुसरा. १९७४ मध्ये तिसरा वर्गही गेला. म्हणजे त्याच्या डब्यावरची पाटी बदलली. पुढे १९९३ मध्ये वातानुकूलित तीन-थरी डबा आला आणि २०२१ मध्ये त्याच्याही खाली एक ‘इकॉनॉमी’ पायरी निघाली. वरच्या व खालच्या भाड्यांत फार अंतर पडले की मधे कोणीतरी नवा बाक मांडतो, असा हा क्रम आहे.

आकाशातही तेच घडले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्यात अवघे ३५ उतारू होते. त्या काळी विमानाने जाणे हीच चैन होती. आत आणखी पायऱ्या पाडण्याची निकड नव्हती. १९५२ मध्ये अटलांटिकवर स्वस्त ‘टुरिस्ट’ वर्ग सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’. पुढे जंबो विमाने आली, गर्दी वाढली, खुर्च्यांच्या रांगा जवळ आल्या. १९९२ च्या सुमारास तैवानच्या इव्हा एअरने आणि इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिकने मधल्या वर्गाचा प्रयोग केला. २००० साली ब्रिटिश एअरवेजने आपल्या ‘बिझिनेस’ वर्गात पाठ टेकून सपाट झोपता येईल असे बिछाने घातले आणि त्याच वर्षी मधला वर्गही काढला. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वरच्या वर्गाने बिछाना घेतल्यावर खालच्या खुर्चीपासून तो इतका दूर गेला, की मधली जागा विकाऊ झाली. भारतात व्हिस्टारा कंपनीने २०१५ मध्ये हा वर्ग आणला. एअर इंडियाची ए-३५० जातीची विमाने २०२४ च्या जानेवारीत सेवेत आली. त्यांत ३१६ खुर्च्यांपैकी २४ या वर्गाच्या आहेत.

आता या खुर्चीत मिळते काय? साध्या वर्गात एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर साधारण ३१ ते ३२ इंच असते. मधल्या वर्गात ते ३८ इंचांच्या आसपास जाते. बैठकीची रुंदी १७-१८ इंचांवरून १९ च्या घरात येते. पाठ थोडी अधिक कलते, पोटऱ्यांना वा पावलांना टेकू मिळतो, ताट जरा बरे येते. लांबी-रुंदीचा गुणाकार केला तर प्रवाशाच्या वाट्याला साध्या वर्गाहून सुमारे एक-तृतीयांश जागा अधिक येते. भाडे मात्र बहुधा दीडपटीच्या पुढे असते आणि कित्येकदा दुपटीला भिडते. केवळ इंचांचा बाजार मांडला तर सौदा महागच म्हणावा लागेल, आणि अण्णांचे म्हणणे येथपर्यंत अगदी बरोबर आहे.

शिवाय काही गोष्टी कितीही पैसे मोजले तरी मधल्या वर्गात वेगळ्या मिळत नाहीत. हवा सर्वांना एकच. उडत्या विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी बारा-पंधरा तास बसून राहिल्यासारखे होते. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, घसा सुकतो. हे पुढच्या बिछान्यातल्या धनिकालाही चुकत नाही. सामानाचेही तसेच. अमेरिकेच्या वाटेवर कित्येक कंपन्या दोन्ही वर्गांना २३ किलोंच्या दोनच पेट्या देतात; तेव्हा ज्वारीचे पीठ, कारळाची चटणी आणि बिदरी कामाची डबी अधिक नेता येईल या आशेने कोणी वरचे तिकीट काढू नये. आणि मुख्य म्हणजे ही खुर्ची सपाट होत नाही. ज्याच्या मणक्याला सलग आठ तास बसणेच वर्ज्य आहे, त्याला चार इंच अधिक कललेल्या पाठीने गुण येणार नाही. त्याने वाटेत एक दिवस मुक्काम करावा, किंवा साधले तर बिछानाच घ्यावा.

एक भीती मात्र तिकिटे विकणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. या विकाराला लोकांनी ‘इकॉनॉमी क्लास’चेच नाव देऊन टाकले. जागतिक आरोग्य संघटनेचा यासंबंधीचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुपटीने वाढतो. तरीही सहा हजारांत एखाद्यालाच तो गाठतो, असे त्यात दिसून आले. प्रवास विमानाचाच असला पाहिजे असेही नाही. मोटार, बस, आगगाडी यांतही हेच होते. अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये आणखी स्पष्ट सांगितले, की स्वस्त वर्गात बसल्याने गुठळी होते याला पुरावा नाही; खिडकीशी बसणाऱ्याला मात्र धोका अधिक, कारण तो उठत नाही. म्हणजे दोष इंचांचा नाही, न हलण्याचा आहे. दर तास-दोन तासांनी चार पावले टाकणारा साध्या वर्गातला प्रवासी, ऐसपैस खुर्चीत बारा तास घोरणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो. ज्यांना पूर्वी गुठळी झालेली आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तिकिटाच्या आधी डॉक्टरांना विचारावे.

असे असेल तर मधला वर्ग निव्वळ हौस ठरतो काय? येथे आईचा विचार केला पाहिजे. साध्या वर्गात मोठ्या विमानातून बहुधा तीन-तीन खुर्च्यांचे गट असतात. नवरा-बायको दोघे, तिसरा परका. आई जर आतल्या जागेवर असेल आणि कडेला कोणी झोपी गेलेला तरुण असेल, तर ती त्याला उठवत नाही. त्याची झोपमोड नको, भाषा येत नाही, मांडीवरून ओलांडून जाणे शोभत नाही. मग ती काय करते? पाणी पिणेच बंद करते. विमानतळावर पोचल्यापासून घोट घेत नाही, जेवणाचे ताट चिवडून ठेवते आणि चौदा तास पाय न हलविता बसून राहते. कोरड्या हवेत तहानलेले, न हललेले, सुजल्या पायांचे शरीर हेच त्या अहवालांतले धोक्याचे शरीर होय. आणि हे सारे ती कोणाला सांगत नाही; मुलाला विमानतळावर दिसतात ते फक्त तिचे सुजलेले घोटे.

मधल्या वर्गाची मांडणी येथे उपयोगी पडते. एअर इंडियाच्या ए-३५० विमानात साध्या वर्गाच्या रांगेत तीन-तीन-तीन खुर्च्या आहेत, तर मधल्या वर्गात दोन-चार-दोन. कडेच्या जोडीत दोघेच बसतात. परका मधे येत नाही. पुढची खुर्ची इतकी दूर असते की आतल्या माणसालाही फारसे कोणाला न उठविता बाहेर पडता येते. वृद्ध जोडप्याला जादा भाड्यातून खरोखर काही मिळत असेल तर ते हेच: कोणाची परवानगी न घेता उठण्याची मुभा. गादी, टेकू, काचेचा पेला या गोष्टी त्यामानाने गौण आहेत.

ही मुभा अन्य मार्गांनीही काही अंशी मिळते, हे सांगणे ओघाने आले. साध्या वर्गातच थोडे अधिक पैसे भरून कडेची जागा आधी राखता येते. पायांना मोकळीक असलेल्या काही रांगाही वेगळ्या दराने मिळतात. मात्र संकटकाळच्या दाराजवळची रांग वृद्धांना देत नाहीत, कारण तेथे बसणाऱ्याला प्रसंगी दार उघडण्यास मदत करावी लागते. भिंतीलगतच्या पहिल्या रांगेत तान्ह्या मुलांचे पाळणे टांगतात. रात्रभर रडणे ऐकू येते. नातवाला भेटायला निघालेल्या आजीला त्याचे काही वाटणार नाही, अण्णांचे सांगता येत नाही. चाकाची खुर्ची हवी असेल तर ती तिकीट काढतानाच मागावी. तिचा वर्गाशी संबंध नसतो, आणि परक्या विमानतळावरची मैलभर पायपीट व पाट्यांचा गोंधळ यांतून ती जितके सोडवते तितके कोणतेही महाग तिकीट सोडवत नाही.

औरादहून निघणाऱ्याने आणखी एक हिशेब करावयाचा असतो, तो मुंबईकराला करावा लागत नाही. त्याचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. औराद ते बीदर, तेथून जहीराबादवरून हैदराबाद, आणि २००८ मध्ये सुरू झालेला शमशाबादचा विमानतळ शहराच्याही पलीकडे. असा चार-पाच तासांचा रस्ता आधी पाठीवर बसलेला असतो. विमान बहुधा मध्यरात्री वा पहाटे. म्हणजे पहिल्या विमानात पाय ठेवण्यापूर्वीच अर्धा दिवस बसण्यात गेलेला असतो. आखातातल्या विमानतळापर्यंत चारेक तास, तेथे काही तास ताटकळणे, आणि मग चौदा-पंधरा तासांची अखंड बैठक. मधल्या वर्गाचे पैसे मोजायचेच झाले तर ते या शेवटच्या टप्प्यासाठी मोजावे. पहिल्या चार तासांसाठी तो वर्ग घेणे व्यर्थ आहे, आणि कित्येक विमानांत त्या टप्प्यावर तो नसतोही. तिकिटावर वरचा वर्ग लिहिलेला असतो आणि एका टप्प्यावर प्रवासी साध्या खुर्चीतच बसतो. कोणत्या टप्प्यावर कोणती खुर्ची आहे, हे पैसे देण्यापूर्वी एकेक करून पाहावे.

भाडे रोज बदलते, म्हणून ठरावीक आकडा सांगण्यात अर्थ नाही. भागाकार मात्र सोपा आहे. समजा, एका माणसाला लांबच्या टप्प्यासाठी तीस हजार रुपये अधिक पडत आहेत आणि टप्पा पंधरा तासांचा आहे. म्हणजे तासाला दोन हजार. पंचविशीतल्या विद्यार्थ्याला हे पैसे वाया घालविल्यासारखे आहेत. दिवसाच्या सहा-सात तासांच्या उड्डाणाला तर कोणालाच नकोत. पण सत्तरीची दोन माणसे, गुडघे दुखणारे, रात्रीचे बारा तासांहून लांब उड्डाण, आणि मुलाला कर्ज न काढता देता येणारी रक्कम, असा योग असेल तर तिकीट काढावे. रक्कम निम्मीच असेल तर तीही उपयोगी आहे: बसऐवजी स्वतंत्र मोटार, हैदराबादला आदल्या दिवशी मुक्काम आणि साध्या वर्गात कडेची राखीव जागा. दमलेल्या शरीराने ऐसपैस खुर्चीत बसण्यापेक्षा झोप झालेल्या शरीराने साध्या खुर्चीत बसणे पुष्कळदा अधिक सुखाचे होते.

एकाच बाजूचे पैसे असतील तर ते जातानाच्या प्रवासावर घालावेत. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो व उड्डाण तास-दोन तास लांबते. शिवाय पलीकडे उतरल्यावर अधिकाऱ्यांच्या रांगा, प्रश्न आणि कागद असतात, त्यासाठी डोके ताळ्यावर हवे. परतताना झोपेची घडी अधिक विस्कटते हे खरे, पण तेव्हा घाई नसते. शमशाबादला उतरून कोणा नातेवाइकाकडे एक रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी जहीराबादच्या रस्त्याला लागावे. दुपारच्या जेवणाला औराद गाठता येते.