प्रसूतिगृहातील रंगीत तालीम
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



मी वैद्य नव्हे. जन्मभर खडूफळ्याशी संबंध आलेला मनुष्य. तथापि आजचा विषय प्रसूतीचा असला, तरी त्यात मुख्य प्रश्न शिकविण्याचाच आहे.

१९२६ साली परळास नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह निघाले, ते गिरणगावातील कामगार स्त्रियांकरिता. लालबाग-परळच्या कित्येक पिढ्या तेथे जन्मल्या. परंतु रुग्णालय जवळ असले म्हणजे संकट टळतेच असे नाही. दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. वार पडल्यावर गर्भाशय आवळले गेले नाही, तर थोड्याच मिनिटांत तिच्या जिवावर बेतते. त्या वेळी पुस्तक उघडण्यास अवकाश कोठला?

म्हणून तालीम हवी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे या सुईणीने कापडी पुतळा घेऊन गावोगावच्या सुइणींना शिकविले. आजच्या पुतळ्यातून कृत्रिम रक्त वाहते, आणि डॉक्टर, परिचारिका, आया अशा सर्वांनी मिळून ते थांबवावयाचे असते. नजरेचा अंदाज बहुधा कमी भरतो, म्हणून बेळगावच्या वैद्यांनी परदेशी सहकाऱ्यांसह रक्त मोजण्याची खुणांची प्लास्टिक पिशवी प्रचारात आणली, हेही येथे सांगितले पाहिजे.

तालमीतील एक नियम मला फार आवडला. ‘कोणीतरी इंजेक्शन आणा’ असे म्हणावयाचे नाही. नाव घेऊन सांगावयाचे, आणि ऐकणारीने ते मोठ्याने परत म्हणावयाचे. वर्गात ‘कोणीतरी खडू आणा’ म्हटले की चाळीस मुले एकमेकांकडे पाहत बसतात, हे शिक्षकांना नव्याने सांगावयास नको! शेवटी सर्वजण बसून काय राहिले ते बोलतात. धाकट्या परिचारिकेने मोठ्या डॉक्टरांस ‘साहेब, आपण हे विसरलात’ असे म्हणणे, हा भाग आपल्या देशात सर्वांत अवघड असावा.

ब्रिस्टलच्या साऊथमीड रुग्णालयात २००० सालापासून अशी तालीम चालते. तेथे बाळाचा खांदा अडकलेल्या प्रसूतींत इजा होणारी बालके शेकडा ९ वरून २ वर आली. आपल्याकडेही डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने सरकारी प्रसूतिकक्षांची सुधारणा हाती घेतली आहे.

आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्त्या बहुधा इंजिनियर होणाऱ्या मुलांकडे जातात. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी दोन राखाव्यात, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहे. आणि लेकीसुनांचे नाव घालावयास जाताना आपण खोलीचे भाडे विचारतो, त्याबरोबर येथे शेवटची तालीम केव्हा झाली, हेही विचारीत जावे.