हजेरी लागली, शिक्षणाचे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हांला "आपली मुले आणि प्राथमिक शाळा" या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले. खरे म्हणजे या विषयावर डी.एड., बी.एड. झालेला माणूस बोलायला हवा. आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही थोडेफार वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु शिक्षणाविषयी शिकलेल्यांनीच बोलावे असे ठरले, तर ज्यांचे शिक्षण मध्येच तुटले त्यांची बाजू कोण मांडणार? म्हणून आम्ही उभे राहिलो आहोत. चुकलो तर पदरात घ्या.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगतो. गिरणीच्या रिंग खात्यात एकेका साच्यावर शेकडो चात्या फिरत असतात. एखाद्या चातीवरचा धागा तुटला तरी चाती काही थांबत नाही. तशीच गरगरत राहते, आवाजही तोच येतो. लांबून बघणाऱ्याला वाटते, सगळे व्यवस्थित चालले आहे. पण त्या चातीवर सूत चढत नसते. हे फक्त फेरी मारणाऱ्या कामगाराला दिसते. तो वाकतो, तुटलेले टोक शोधतो, बोटांनी सांधतो आणि पुढे जातो. तो चातीला शिव्या घालत बसत नाही.

बंधू-भगिनींनो, शाळेतही असेच होते. पोरगं रोज शाळेला जाते, हजेरीपटावर त्याची खूण पडते, वर्षाच्या शेवटी ते पुढच्या वर्गात जाते. पण धागा कुठेतरी तुटलेला असतो. तो कधी तुटला हे ना घरात कळते, ना वर्गात.

आमचेच उदाहरण घ्या. आम्ही चौथीत होतो. आम्हांला कुणी वेगळे बसवले नाही, कुणी हाकलले नाही. पण आमची जागा शेवटच्या ओळीत, आणि गुरुजींचा प्रश्न त्या ओळीपर्यंत कधी आलाच नाही. हात वर केला तरी नजर वरच्या वर निघून जायची. वर्षभर आम्ही "हजर" म्हणालो, तेवढाच काय तो आमचा आवाज त्या वर्गाने ऐकला. पुढे अपूर्णांक आले ते डोक्यावरून गेले. विचारायची सवयच नव्हती! सातवीत शाळा सुटली तेव्हा घरची माणसे म्हणाली, "ह्येच्या डोस्क्यात शिरतच न्हाई, काय करायचं?" आम्हांलाही ते खरे वाटले, आणि पुढे कित्येक वर्षे खरे वाटत राहिले.

गिरणीत लागल्यावर सुताचा काउंट शिकलो. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा काउंट. चाळीस लडी बसल्या तर चाळीस काउंट. लांबी, वजन, गुणाकार, भागाकार, सगळा हिशेब आम्ही उभ्या उभ्या तोंडी करू लागलो. तेव्हा मनात आले, की ज्याच्या डोक्यात काही शिरत नव्हते तो हाच का माणूस? दोष डोक्याचा नव्हता. धागा तुटला होता आणि सांधायला कुणी आले नव्हते, इतकेच.

आपण कोल्हापूरची माणसे. १९०६ साली शाहू मिलच्या उभारणीला हात घालणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनीच १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया, मंडळी! महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच सरकारी शाळेत घेण्याचा हुकूम काढला. म्हणजे मूल शाळेच्या दारात आणणे ही पहिली पायरी, आणि त्याला इतरांबरोबर एका वर्गात बसवणे ही दुसरी पायरी, हे महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले. तिसरी पायरी आपल्यावर सोपवलेली आहे. वर्गात बसलेले मूल निर्भयपणे शिकते आहे की नाही, हे पाहण्याची.

ही पायरी का महत्त्वाची, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानग्या भीमाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. नाव पटावर होते, पण बसायला घरून आणलेले गोणपाट होते आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच गिळावी लागत होती. यावर आपलीच काही माणसे म्हणतात, "बाबासाहेब शिकले की त्यातनं! मग तुमच्या पोरांना काय धाड भरलीया?" आमचे त्यांना नम्र उत्तर असे, की एक बाबासाहेब त्यातून तरले. तशीच तहान गिळून जी शेकडो लेकरे शाळेबाहेर पडली, त्यांची नावे आपल्याला ठाऊक तरी आहेत काय?

आणि ही तहान जुन्या काळातच संपली असे समजू नका. आमच्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगतो, नावगाव सांगत नाही. तिसरीतली एक मुलगी. रोज सकाळी शाळेच्या वेळेला तिच्या पोटात दुखायचे. आजी म्हणायची, "सोंगं करत्या, उठीव तिला." डॉक्टर झाले, औषध झाले, आणि विहारात सांगायला लाज वाटते, पण गुपचूप लिंबूसुद्धा उतरून झाले! शेवटी मावशीने जवळ घेऊन विचारले तेव्हा पोर बोलली. शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. एकदा कुणीतरी दार ढकलले होते. तेव्हापासून ही सकाळी पाणीच पीत नव्हती. दुपारची खिचडीही अर्धीच खायची, तहान लागेल म्हणून. आता अशा पोरीला पाढे कसे यावेत? आमच्यातल्या चार बाया जाऊन मुख्याध्यापकांना भेटल्या. गृहस्थ भला होता. म्हणाला, "ताई, मला आजवर कुणी सांगितलंच नाही." दोन दिवसांत कडी बसली. पोटदुखी थांबली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती पोर मोठ्याने धडा वाचायला लागली. एका कडीची किंमत ती काय? पण एका मुलीचे शिक्षण त्या कडीवर अडून बसले होते.

अशा गोष्टी आता कुणाच्या मेहेरबानीवर राहिलेल्या नाहीत. शाहू महाराजांनी जे १९१७ साली केले, ते सगळ्या देशासाठी करायला २००९ साल उजाडले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण एवढेच आपण त्यातले ऐकून आहोत. पण पुढचे वाचा. कलम १७ म्हणते, मुलाला मारायचे नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. कलम २९ म्हणते, मूल भीतीतून, दडपणातून मोकळे झाले पाहिजे, त्याला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता आले पाहिजे आणि शक्य तोवर शिक्षण मातृभाषेतून दिले पाहिजे. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय, खेळाची जागा, आणि पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे सारे परिशिष्टात लिहिलेले आहे. दुपारच्या जेवणाचेही तसेच. २००१ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शिजवलेले अन्न मिळू लागले. प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे त्याचे माप आहे. ती खिचडी म्हणजे भीक नव्हे, तो अभ्यासाचाच भाग होय. उपाशी पोराच्या कानात कविता शिरत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे कागदावर. धाक नसेल तर पोरं शिकतील कशी? त्यांनी आपल्याच गावाकडे पाहावे. शिक्षक घडवण्याच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात "सृजन आनंद विद्यालय" सुरू केले. मराठी माध्यम. छडीचा धाक नाही, नुसत्या घोकंपट्टीवर भर नाही, मुलांनी पाहावे, करावे, विचारावे आणि आपल्या शब्दांत मांडावे, ही तिथली रीत. लीलाताई २०२० साली गेल्या. पण आनंदाने शिकणे म्हणजे लाड नव्हे, ती शिकण्याची पक्की पद्धत आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

मात्र ती वेगळ्या निश्चयाने चालवलेली शाळा. ज्या शाळेत एका शिक्षकाच्या गळ्यात दोन-दोन वर्ग असतात, वर माहितीचे तक्ते भरायचे असतात आणि निवडणूक-जनगणनेचे कामही असते, तिथल्या गुरुजी-बाईंना नुसता दोष देऊन चालणार नाही. आम्ही कामगार आहोत. एका माणसाकडे जादा साचे दिले की तुटलेले धागे तसेच राहतात, हे आम्हांला कुणी शिकवायला नको. शिक्षक कमी असतील तर शिक्षक मागायला आपणही त्यांच्याबरोबर उभे राहिले पाहिजे.

आणि दोष द्यायचाच तर पहिला आमच्यावर येतो. रात्रपाळी करून आलो की थोरल्याला गणिताला बसवायचो. चुकला की हात उठायचा. आम्हांला वाटे, आपले राहिले ते याचे तरी होऊ दे. तो गणित शिकला नाही, वही लपवायला शिकला. एकदा गादीखाली वही सापडली. तपासायला उघडली, तर गणिते सगळी बरोबर होती! मार बसेल म्हणून बरोबर गणितेसुद्धा लपवली होती त्याने. त्या दिवसापासून हात खाली आला तो आलाच. पण मधली दोन वर्षे परत आणता आली नाहीत.

म्हणून जाता जाता तीन गोष्टींची विनंती करतो.

पहिली. संध्याकाळी पोरगं घरी आले की "किती मार्क पडले?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "आज पाणी प्यालास का? कुणाशेजारी बसलास? बाईंनी तुला काय विचारलं, तू बाईंना काय विचारलंस?" घरच्या बोलीत बोलले म्हणून वर्गात त्याला कुणी हसले का, तेही विचारा. आईला वाचता येत नसले तरी चालते. पोराने वाचावे, आईने ऐकावे. ऐकणाराच नसेल तर वाचायची गोडी लागणार कशी?

दुसरी. सरकारी आणि अनुदानित शाळेत कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. आपण नुसती सही करून परत येतो. तसे करू नका. पाळी बदलून घ्या, अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला तर बुडू द्या, पण बैठकीला बसा. कडी, पाणी, खिचडी, मागची ओळ, हे सगळे तिथे मांडा. कर्ज काढून पोरांना विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की कलम २१ ची ही समिती तिथे नाही. छडीची बंदी मात्र तिथेही लागू आहे.

तिसरी. विहाराचा हा सभागृह संध्याकाळी मोकळा असतो. इथे दोन तास अभ्यासवर्ग भरवू या. पण अट एकच, ती दुसरी शाळा होता कामा नये. छडी नको, पहिला-दुसरा नंबर नको. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी फेरी मारावी, मागे राहिलेल्या एकेका पोराशेजारी बसावे आणि विचारावे, "सांग बाळ, कुठं अडलं?" आमच्या लहानपणी एवढे एक वाक्य कुणी विचारले असते, तर आज या जागी कदाचित आम्ही वेगळ्या ओळखीने उभे असतो. त्याचे आता दुःख नाही. पण या सतरंजीवर पुढे बसलेल्या पोरांपैकी एकाच्याही बाबतीत ते पुन्हा होऊ नये, एवढीच तळमळ आहे.



जयभीम!