अस्सल ठसा कोणता?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें स्वतः कोरलेल्या चित्राचा ठसा मला परदेशाहून पाठविला. कोपऱ्यांत पेन्सिलीनें ७/३० असा आंकडा होता. जकात-कचेरींतील गृहस्थ म्हणाले, "तीस प्रती, म्हणजे हें छापील चित्र!" मी हिरमुसलों, हें कबूल करतों.

१९८८ पासून अमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय जकात-वर्गीकरणांत छापील चित्रें ४९११ या सदरांत येतात, अस्सल ठसे ९७०२ मध्यें. प्रतींची संख्या व्याख्येंत नाहीं. तांब्याचा पत्रा, लांकूड वा शिळा सर्वस्वी कलावंतानें स्वहस्तें घडविलेली हवी, व ठसा तिजवरूनच थेट उमटलेला हवा; यांत्रिक किंवा छायाचित्रणाची प्रक्रिया वर्ज्य. सहीचाहि उल्लेख नाहीं. सही काय, फोटोवरून छापलेल्या चित्रावरहि करतां येते! मात्र भिंगाखालीं ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली कीं संशय घ्यावा.

राजा रविवर्मा यांच्या छापखान्यांतील चित्रें घरोघरीं पूजिलीं गेलीं. परंतु त्यांच्या शिळा कारागिरांनीं घडविल्या. या कसोटीस तीं उतरत नाहींत. आमच्या देवघरांतील लक्ष्मी त्यामुळें उणी होत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

मी तें कलम दाखविलें, विद्यार्थ्याचें पत्रहि दाखविलें. गृहस्थांनीं भिंग मागविलें. जाळी नव्हती. ठसा घरीं आला.