सायकलस्वाराचा वाटाड्या



सायकलने जायचे तर चार माणसांना रस्ता विचारावा आणि निघावे. त्यावर व्याख्यान कशाला, असे कित्येकांना वाटेल. परंतु आता निघण्याचे व पोचण्याचे ठिकाण सांगताच सायकलचा मार्ग आखून देणारी साधने मोबाईलवर आली आहेत. त्यांच्यावर किती विसंबावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम गुण सांगू. मलकापूरहून बुलढाण्यास येणाऱ्याला मोताळ्यापर्यंत फारसे श्रम नाहीत. पुढे राजूर घाट त्याचा दम पाहतो. चढ कोठे लागेल आणि किती टिकेल, हे साधन घरबसल्या दाखवते. त्यावरून पाणी किती घ्यावे, पहाटे केव्हा निघावे, हे ठरते. वैशाखातल्या आपल्या उन्हात ही सोय लहान नव्हे.

आता उणिवा. पुष्कळ साधनांतील उंचीचे आकडे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीवर आधारलेले आहेत. ही मोजणी साधारण तीस मीटरच्या चौकटींची. मैदानात तेवढे पुरते. घाटात मात्र रस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला असतो. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी. चौकट जरा सरकली, की नसलेले चढउतार हिशेबात येतात.

पण मोठी उणीव निराळी आहे. यंत्राला रेघ दिसते, ऋतू दिसत नाही. एका श्रावणात लोणारकडे जाताना आम्हाला अशाच साधनाने जवळची वाट सुचविली. ती निघाली पांदण. काळी माती चाकांत अशी बसली, की सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या. शेतातला एक गृहस्थ म्हणाला, “भाऊ, ही वाट उन्हाळ्यातली हाय. तुमाले कोनं सांगतली?” आम्ही निरुत्तर झालो.

काही साधने पूर्वीच्या स्वारांनी नोंदविलेल्या फेऱ्यांवरून लोकप्रिय मार्ग ठरवितात. परंतु नोंद कोण करतो? हौसेने फिरणारा. रोज शाळेला जाणारी मुलगी, दूध घालणारा गडी यांची चाके त्या नकाशावर उमटत नाहीत. ज्यांना रस्ता सर्वांत अधिक ठाऊक, तेच तेथे गैरहजर!

उपाय आपल्याच हाती आहे. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो, आणि सायकलमार्गाची अनेक साधने त्याच्यावरच चालतात. रस्ता डांबरी की मातीचा, ही नोंद जेथे कोरी आहे तेथे यंत्र अंदाज बांधते. प्रत्येक गावच्या शाळेने आपल्या शिवारातील वाटा तेवढ्या नोंदविल्या, तरी परक्या वाटसरूचे कष्ट वाचतील. यंत्राने डोंगर मोजला. चिखल आपणच सांगितला पाहिजे.

तोवर साधन जरूर पाहावे. पण फाटा आला, की सायकलवरून उतरून कोणाला तरी रामराम घालावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.