अधिकाराला ओहोटी लागते तेव्हा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा : कामाच्या जागी चार माणसांच्या पुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास एकदा ढळला, तर तो परत कसा येतो? विषय ऐकून प्रथम वाटले, हा मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांतला प्रश्न. आमच्या नारळीपोफळीच्या मुलखात तो कशाला? पण पुढारी म्हणजे काही मंत्री किंवा कारखानदारच नव्हेत. शाळेचा मुख्याध्यापक, मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, कारखान्यातला पाळीप्रमुख, होडीवरचा तांडेल, ही सगळी पुढारीच माणसे. एका वर्षी शाळेचा निकाल पडतो, सोसायटीची वसुली थकते, तांडेलाचा अंदाज चुकून तीन फेऱ्या जाळे रिकामे येते. तांडेल तोच, होडी तीच. परंतु हुकूम ऐकला की खलाशी आधी एकमेकांकडे पाहतात आणि मग दोरीला हात घालतात. ते क्षणभराचे पाहणे माणसाला आतून पोखरते.

अशा वेळी कोणी आवाज चढवतो, नियमांचे पुस्तक काढतो, उशिरा येणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. कोणी खोलीचे दार लावून घेतो आणि चिठ्ठ्यांवर कारभार हाकतो. आमच्या मते दुसरा प्रकार अधिक आढळतो आणि अधिक घातकी आहे. कारण आवाज चढवणारा निदान समोर तरी असतो. लोकांची आशा मोडणारी गोष्ट त्यांच्या तोंडावर सांगण्याची वेळ आली, की दार लावून घेण्याचा मोह सर्वांत मोठा. आणि आमचे म्हणणे असे, की गेलेला अधिकार परत मिळतो तोही नेमका त्याच वेळी.

आपल्या जिल्ह्यातलीच दोन उदाहरणे घेऊ. एक थोडक्यात, कारण ते आपल्याला तोंडपाठ आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, जवळ बारा राहिले. पुढच्या वर्षी आग्रा. पेटाऱ्यांची गोष्ट आपण रंगवून सांगतो. परंतु परत आल्यानंतरच्या तीन वर्षांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिच्यात रंगवण्यासारखे काही नाही. मोगलांशी सलोखा राखून मुलूख आणि फौज सावरण्यात ती गेली. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा परत आला, आणि आणखी चार वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला.

दुसरे उदाहरण त्याच रायगडाच्या तालुक्यातले, महाडचे. ते मात्र आपण पुरते पाहत नाही. चवदार तळे म्हटले की आपल्याला ओंजळ आठवते, तारीख २० मार्च १९२७. त्यानंतरचा डिसेंबर कोणाला आठवतो?

कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला होता, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तसा ठरावही केला. ठराव कागदावर राहिला. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, डॉ. आंबेडकरांच्या मागून माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि परतली. मग गावात आवई उठली, की ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवत असलेल्यांवर हल्ला झाला. बायकापोरे, म्हातारी माणसे, कोणी सुटले नाही. पाण्यात दही, दूध, शेण, गोमूत्र असलेल्या एकशेआठ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

आता ज्या पुढाऱ्याच्या शब्दावर माणसे आली आणि डोकी फुटून घरी गेली, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. डॉक्टरांच्या मनात काय चालले होते ते आम्ही कसे सांगणार? त्यांनी काय केले एवढे सांगता येते. मार खाल्लेल्यांत लष्करात नोकरी केलेले गडी होते, ते उसळले होते. त्यांना डॉक्टरांनी आवरले. जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. आणि डिसेंबरात पुन्हा महाड, या वेळी सत्याग्रह, असे जाहीर झाले.

२४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने मुंबईची मंडळी निघाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदराला उतरली. तेथून महाड पाच मैल. परिषदेसाठी जागा मिळाली ती एका मुसलमान गृहस्थाची, शिधा बाहेरून आणलेला. परंतु त्याआधीच, डिसेंबरच्या मध्यावर, गावच्या काही स्पृश्य पुढाऱ्यांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. डॉक्टर स्वतः बॅरिस्टर. त्या कागदाचे वजन त्यांना इतर कोणाहूनही अधिक कळत होते. पंचवीस तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. सव्वीसला तळ्यावर जाऊन तुरुंग पत्करायला तयार असलेल्यांची नावे लिहून घेतली, ती चार हजारांच्या आसपास भरली.

अशा चार हजार माणसांना सत्तावीस तारखेला सांगायचे होते, की आज तळ्यावर जायचे नाही.

हे काम एखाद्या चिटणिसावर सोपवता आले असते. पत्रक काढता आले असते. डॉक्टर स्वतः उभे राहिले. भांडण स्पृश्यांशी आहे. हुकूम मोडला तर सरकार विनाकारण समोर उभे ठाकेल. निकाल लागेपर्यंत थांबू, असा त्यांचा युक्तिवाद होता. सभेने तहकुबीचा ठराव मान्य केला. पण माणसांना तशीच घरी पाठवली नाही. सगळ्यांची मिरवणूक गावातून निघाली, तळ्याला वळसा घालून आली, आणि पाण्याला कोणी हात लावला नाही. ज्यांना नऊ महिन्यांपूर्वी मारून पळवले, ती माणसे रांगेने, शिस्तीने, त्याच रस्त्यावरून चालली. आमच्या दृष्टीने पुढाऱ्याचे सभेतले वजन म्हणतात ते त्या मिरवणुकीत दिसले. त्याच संध्याकाळी ते स्त्रियांपुढेही बोलले. पोषाखाविषयी, शिक्षणाविषयी, साध्या घरगुती भाषेत.

काहींनी याला माघार म्हटले, आजही म्हणणारे आहेत. आक्षेप पोकळ नाही. मजुरी बुडवून, पायपीट करून आलेल्या माणसाला 'आज नाही' हे शब्द किती जड गेले असतील! मुख्याध्यापकाने पालकसभेत 'यंदाही निकाल वर येणार नाही, दोन वर्षे लागतील' असे सांगणे याच्यापुढे किरकोळ; तरी आपण तेवढेही नोटीसबोर्डावर चिकटवून मोकळे होतो. ऐकणारा वाईट बातमी सोसतो. ती देताना माणूस समोर नव्हता, हे मात्र तो विसरत नाही. आणि समोर उभे राहून मुदत मागितली, तर त्या मुदतीचे ओझेही मागणाऱ्यानेच वाहावे लागते.

डॉक्टरांनी ते वाहिले. दाव्यात प्रतिवादी म्हणून त्यांचेच नाव होते. दावा महाडला चालला, अपील ठाण्याला, पुढे मुंबईच्या हायकोर्टात. या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, डॉक्टरांचे नाव जगभर गेले. तळ्याचे कागदपत्र काही बाजूला पडले नाहीत. हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलेले नाही, असा निर्णय होऊन अपील फेटाळले गेले. तारीख होती १७ मार्च १९३७. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस उरले होते.